विनंती अर्ज

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. अप्पा स्वतःहून फोन करतात म्हणजे घरात नाहीतर दुकानात काहीतरी बिघडलेलं असतं.

"कंप्युटरची मुदत संपली म्हणू लालंय," ते म्हणाले. "औषधाच्या बाटलीवर लिहिलेली असते तशी. चालू तर आहे की चांगला. मग मुदत कशाची संपली?"

मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. त्यांना समजावून सांगितलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. म्हणून कंप्युटर बंद पडणार नाही, तो चालतच राहील. फक्त यापुढे त्यात जी भोकं सापडतील त्यांना ठिगळ लावून मिळणार नाही. विंडोज ११ वर जायचं तर साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. अप्पांचा कंप्युटर तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा, चार जीबी रॅमचा, २०१३ साली नांदेडहून सुटे भाग जोडून आणलेला.

"नवा घेऊन टाकू," मी म्हणालो.

"कामून?" अप्पा म्हणाले. "चालू लालाय की."

कुरुंद्यात अप्पांचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. तरुणपणी ते वसमतच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनच्या मशीनवर शिकले, आणि अजूनही कीबोर्डवर बोटं अशी आपटतात की बाहेर रस्त्यावर आवाज येतो. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचं पाणी शिरलं तेव्हा दुकानात कमरेएवढं पाणी होतं. झेरॉक्स मशीन गेलं, कागदाचे गठ्ठे गेले. कंप्युटरचा डबा तेवढा अप्पांनी वायरी उपटून कपाटावर नेऊन ठेवला होता, तो वाचला. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. दोन वेळा चुना लावला तरी ती वर येते.

त्या दिवसांत मी पुण्यातून तीन वेळा फोन केला. "येऊ का?" विचारलं. "रस्ते बंद आहेत, येऊन काय करतोस," अप्पा म्हणाले. मी गेलो नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे.

तर दिवाळीला गावी निघताना मी बॅगेत तीन गोष्टी टाकल्या: बायकांच्या गर्दीतून कशीबशी मिळवलेली आईची साडी, दीड-दोन हजारांत मिळालेली छोटी एसएसडी, आणि लिनक्स मिंट भरलेला पेनड्राइव्ह.

आता एक कबुली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरीत रोज आठ तास ज्या सर्व्हरवर काम करतो ते सगळे लिनक्सवर चालतात. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो अँड्रॉइड असेल तर त्याच्याही तळाशी लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे. अमेरिकेतल्या लायगोचं डेटाचं कामही लिनक्सच्याच संगणकांवर होतं. हे सगळं मला माहीत होतं. पण घरच्या दुकानातल्या कंप्युटरवर ते टाकावं, असं बारा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

याचं कारण शोधताना मला आधी वाटलं, आळस. मग लक्षात आलं की कारण वेगळं आहे. लिनक्सची बाजू मांडणारे लोक पहिल्यांदा सांगतात की ते फुकट आहे. पण आमच्याकडे सगळंच फुकट होतं! नांदेडच्या ज्या पोरानं कंप्युटर जोडला त्यानंच विंडोज टाकून दिलं, ऑफिस टाकून दिलं, फॉन्ट टाकून दिले, वर एक गेमही टाकून दिला. सीडी मागितली तर हसला. तेव्हापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं कायमची आहेत. अप्पांना ती कंपनीची खूण वाटायची, टीव्हीवर चॅनेलची असते तशी. माझ्या पिढीनं २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत कंप्युटर शिकला, म्हणजे विंडोज शिकलं. त्याला किंमत असते हे आम्हाला नोकरी लागल्यावर कळलं. फुकटात विंडोज मिळत असताना फुकटातलं दुसरं काही कोण कशाला घेईल?

इंग्रजीत या दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द आहे, त्यामुळे तिथं घोळ होतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त, आणि तरी आपणही घोळ केला. आमचं विंडोज फुकट होतं, पण आमचं नव्हतं. त्याची मुदत कधी संपणार हे दुसऱ्यानं ठरवलं. ज्यांच्याकडे रीतसर परवाना होता त्यांना आणखी वर्षभर अपडेट मिळायची सोय होती, पण ती मागायला आम्ही कुठल्या तोंडानं जाणार?

लक्ष्मीपूजन झाल्यावर रात्री मी कंप्युटर उघडला. आतमध्ये धूळ, कोळ्याचं जाळं आणि हळदीचा पिवळा थर निघाला. वसमतकडचं काहीही उघडलं तर हळद निघतेच. माझा बेत सरळ होता: अप्पांच्या फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या, जुनी हार्डडिस्क पूर्ण पुसायची, ती नुसती साठवणीला ठेवायची आणि नव्या एसएसडीवर लिनक्स टाकायचं.

"पुसायची नाही," अप्पा म्हणाले.

"अप्पा, फायली घेतल्यात मी सगळ्या."

"असू दे. टायपिस्टनं कार्बन कॉपी काढल्याशिवाय मूळ कागद हातातून सोडायचा नसतो. ती डिस्क काढून बाजूला ठेव."

मी मनात हसलो आणि डिस्क काढून बाजूला ठेवली.

पेनड्राइव्हवरून लिनक्स आधी नुसतं चालवून बघता येतं, काहीही न टाकता. वायफाय लागलं, आवाज आला, स्क्रीन नीट दिसली. मग टाकायला सुरुवात केली. अर्ध्यात लाईट गेली, पण इन्व्हर्टरनं साथ दिली. पाऊण तासात काम झालं. जो कंप्युटर सुरू होईपर्यंत अप्पा समोरच्या हॉटेलात चहा पिऊन यायचे, तो अर्ध्या मिनिटात सुरू झाला. "आता चहा कधी प्यावा?" एवढंच ते म्हणाले. कोपऱ्यातली पुसट अक्षरं गेली होती. मी झोपलो तेव्हा स्वतःवर फार खूश होतो.

सकाळी साडेनऊलाच दुकानासमोर माणसं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जे झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्या भागातही सोयाबीन सडलं, हळदीच्या शेतात पाणी साचलं. मदतीच्या यादीत नाव नाही, नाव आहे पण क्षेत्र चुकलंय, खात्याचा नंबर चुकलाय, अशा तक्रारींचे अर्ज घेऊन लोक येत होते. अप्पांनी जुन्या अर्जाची फाईल उघडली. तारीख आणि नाव बदलायचं, मधला मजकूर तोच ठेवायचा, ही त्यांची पद्धत.

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली. डी, क्यू, हॅशची खूण, स्वल्पविराम, मध्येच कंस. दुसरी फाईल उघडली, तीही तशीच. तिसरीही तशीच.

अप्पा काही बोलले नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी खुर्ची मागं सरकवली, ड्रॉवरमधून रेघांचा कागद काढला आणि समोरच्या आजींचा अर्ज पेननं लिहायला घेतला. "माझं पोरगं इंजिनिअर आहे," ते आजींना म्हणाले, "त्याचं चालू आहे काहीतरी." टोमणा नव्हता तो, आणि म्हणूनच लागला.

झालं होतं असं. युनिकोड रुजायच्या आधी कंप्युटरवर मराठी लिहायची एक युक्ती होती, आणि गावोगावच्या टायपिंगच्या दुकानांत ती अजून चालते. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये फाईलच्या आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. इंग्रजी डीला 'क' चं चित्र, केला काना, क्यूला उकार. आमच्या गावाचं नाव त्या फाईलमध्ये डी, क्यू, हॅश, ए, एन, के असं असतं. फॉन्ट असेल तर ते 'कुरुंदा' दिसतं, नसेल तर खिचडी. मी फायली घेतल्या होत्या, पण फॉन्ट विंडोजच्या पोटात राहिले होते.

आणि विंडोज जुन्या डिस्कवर होतं. जी मी पुसणार होतो.

फॉन्ट नेटवरही मिळाला असता, हे खरं. पण अप्पांकडे त्याच्या सहा-सात जाती होत्या आणि कुठली फाईल कुठल्या जातीत आहे हे त्यांनाच माहीत होतं. मी डिस्क जोडली, फॉन्ट उचलले, लिनक्सच्या फोल्डरमध्ये टाकले. दहा मिनिटांत अक्षरं जागेवर आली. "आलं बघ," अप्पा म्हणाले, आणि कीबोर्ड आपटायला लागले. लिब्रेऑफिसच्या मेनूत त्यांना चार गोष्टी शोधाव्या लागल्या, तेवढंच.

इथं गोष्ट संपवता आली असती. पण दुपारी मी त्यांचं काम बघत बसलो, आणि जे बघितलं त्यानं अस्वस्थ झालो. सरकारी पोर्टलवर, ईमेलमध्ये, व्हॉट्सॲपवर युनिकोडच चालतं. म्हणून अप्पा अर्ज कृतिदेवमध्ये टाइप करायचे, मग तो उचलून कुठल्यातरी वेबसाइटवरच्या चौकटीत चिकटवायचे, तिथून युनिकोड घ्यायचे. लोकांची नावं, गट नंबर, खाते क्रमांक, सगळं रोज त्या अनोळखी चौकटीत जात होतं. आणि जुन्या अर्जांत काही शोधायचं तर सोय नाही, कारण 'कुरुंदा' असा शब्द कुठल्याच फाईलमध्ये नव्हता. बारा वर्षांचं टायपिंग मराठी दिसत होतं, मराठी नव्हतं.

मी ठरवलं की हे बदलणारा प्रोग्राम लिहायचा, जो याच कंप्युटरवर चालेल, नेटशिवाय. पुण्यात मी ज्या कामाचा पगार घेतो त्यापुढे हे काम किरकोळ आहे असं मला वाटलं. संध्याकाळी पहिला अर्ज बदलला आणि अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"हे 'अजर्' काय आहे?"

प्रत्येक अर्जाच्या विषयात 'विनंती अर्ज' हे दोन शब्द असतात, आणि माझ्या प्रोग्रामनं दोन्हींची वाट लावली होती. टाइपरायटरच्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमानं येतात. 'वि' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग 'व'. 'अर्ज' मध्ये आधी 'ज', मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं: आधी 'व' मग वेलांटी, आधी 'र्' मग 'ज'. मी अक्षरामागे अक्षर बदलत गेलो होतो, त्यामुळे वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली आणि 'अर्ज' चा 'अजर्' झाला.

पुढचे तीन दिवस आम्ही बापलेक समोरासमोर बसलो. मी नियम लिहायचो, अप्पा चुका काढायचे. रफाराला किती अक्षरं मागं न्यायचं? 'अर्ज' मध्ये एक, पण 'वर्षांपासून' मध्ये काना आणि अनुस्वार ओलांडून. 'स्थिती' मध्ये वेलांटी अर्ध्या 'स' च्याही आधी येते. 'पूर्ती' मध्ये रफार आणि दुसरी वेलांटी यांचा क्रम बिघडतो. हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. चाळीस वर्षं बोटांनी मराठी लिहिलेल्या माणसाला ते पाठ होतं. अप्पा कागदावर शब्दांच्या जोड्या लिहून द्यायचे, डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. त्या चार पानांवर तो प्रोग्राम उभा आहे.

मध्येच त्यांनी विचारलं, "हे लिनक्स कोणी केलं? त्याला पैसे कोण देतं?"

मी सांगितलं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरला, कागद अडकला की सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जाईल अशी सोय करायची होती. जुन्या प्रिंटरला त्यानं ती केलीही होती. पण नव्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्याला बघायला मिळाला नाही. त्या रागातून पुढं १९८३ मध्ये त्यानं जीएनयू हा प्रकल्प जाहीर केला: प्रोग्राम चालवण्याची, आत बघण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा असलेलं सॉफ्टवेअर. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं हौस म्हणून गाभ्याचा प्रोग्राम लिहायला घेतला. दोन्ही जुळलं. आता त्यात काही कंपन्या पगारी माणसं लावतात, बाकी जगभरातून लोक भर घालतात.

अप्पांना सगळ्यात पटला तो अडकलेला कागद. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मशीन आपल्या दुकानात, अन् झाकण उघडायचं नाही म्हणजे काय?"

मग मी त्यांना कीबोर्डांची यादी दाखवली. मराठीच्या खाली रेमिंग्टनची मांडणी होती. म्हणजे बोटं जुन्याच सवयीनं चालतील आणि फाईलमध्ये थेट युनिकोड उमटेल. अप्पांनी पहिल्यांदा स्वतःच्या बोटांनी, मुखवट्याशिवाय, 'कुरुंदा' लिहिलं. "ही मांडणी यात कोणी घातली?" त्यांनी विचारलं. "असंच कोणीतरी, आपलं आपलं बसून," मी म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले.

चौथ्या रात्री सगळ्या फायली बदलून झाल्या. अकराशेच्या वर होत्या. मी शोधायची चौकट उघडून अप्पांना म्हणालो, कुठलाही शब्द टाका. त्यांनी 'पूर' टाकला. यादी खाली खाली जात राहिली. 'पूरग्रस्त', 'पुरामुळे' असं सगळं धरून, जुलै आणि ऑगस्ट २०२२ चे १४३ अर्ज. घराची भिंत पडली, शेळी वाहून गेली, धान्य भिजलं, पंचनाम्यात नाव नाही.

"एकशे त्रेचाळीस?" अप्पा स्वतःच चकित झाले. "एवढे केले होते का?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "एकाचाही पैसा घेतला नाही यांनी. दुकानात चिखल होता, तर कंप्युटर घरात आणून, रात्री करायचे."

मला हे माहीत नव्हतं. तीन वेळा फोन केला होता मी, पण हे विचारलं नव्हतं. मी एकेक अर्ज उघडत गेलो. शेवटी प्रत्येक ठिकाणी 'विनंती' आणि खाली दुसऱ्याचं नाव. टाइप करणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. रात्री दीडला अप्पा म्हणाले, "झोप आता, डिस्क कुठं पळून जात नाही."

सगळं जमलं असं नाही, तेही सांगतो. अंगठा घ्यायच्या यंत्राचा लिनक्ससाठी ड्रायव्हर मला मिळाला नाही, ते आता अप्पांच्या मोबाईलला जोडलंय. जुना लेझर प्रिंटर दोन तास हट्टाला पेटला होता, कंपनीचं फर्मवेअर वेगळं उतरवून द्यावं लागलं तेव्हा बोलला. कोरलड्रॉमधल्या लग्नपत्रिका उघडतात, पण गणपती एकीकडे आणि नवरदेव दुसरीकडे जातात. पत्रिकेची ऑर्डर आली की अप्पा जुनी डिस्क जोडतात, नेटची वायर काढतात, काम करतात, परत डिस्क काढतात. हे माझ्या दृष्टीनं अर्धवट आहे. त्यांच्या दृष्टीनं दोन मशीनं आहेत आणि कुठलं कशाला वापरायचं हे त्यांच्या हातात आहे.

केरळनं विसेक वर्षांपूर्वीच आपल्या शाळांतले कंप्युटर मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. आपल्या सी-डॅकनं 'बॉस' नावाचं भारतीय भाषांतलं लिनक्स कधीचं काढलं. आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत मात्र यातलं काही मी पाहिलं नाही. गावाकडं तुमच्या घरी, शाळेत, काकाच्या दुकानात असाच एखादा दहा-बारा वर्षांचा कंप्युटर असेल, आणि त्यालाही मुदत संपल्याचा निरोप आला असेल. टाकून द्यायच्या आधी एक रात्र त्याच्याजवळ बसा. आणि पुसायच्या आधी त्याच्यावर लिहिणाऱ्याला विचारा.

निघायच्या दिवशी मी अप्पांना म्हणालो, हा फॉन्ट बदलायचा प्रोग्राम मी मुक्त परवान्यानं नेटवर ठेवतो, कुणालाही वापरता येईल. तुमचं नाव टाकू का?

"नावाचं काय करायचं," ते म्हणाले. "रफार तेवढा नीट टाक."

जुनी डिस्क त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, वर रबर लावलं, आणि स्टुलावर चढून कपाटावर ठेवली, भिंतीवरच्या रेघेच्या बरीच वर.